एक्केचाळिसावं कुलूप

सोमवारी सकाळी बाईंच्या टेबलावर खुलासापत्र येऊन पडलं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीतलं पहिलंच. मजकूर असा, की आपल्या विभागात एक्केचाळीस ग्राहकांच्या तक्रारी सरासरी तेरा वर्षं उघड्या पडून आहेत, त्यातली सर्वांत जुनी सतरा वर्षांची आहे, तर एवढा काळ आपण काय करत होतात याचा लेखी खुलासा करावा. बाईंनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि खो खो हसल्या. त्या एक्केचाळीस तक्रारी एकाही ग्राहकाने केलेल्या नव्हत्या. सगळ्याच्या सगळ्या बाईंनी स्वतः केल्या होत्या.

थांबा, लगेच बाईंना नावं ठेवू नका. त्यात एक गोम आहे.

टेलिफोन कंपनीत बाई लाइनींच्या नोंदी ठेवत. कुठल्या खांबावरची कुठली तार कुणाच्या घरात गेली, कोणती लाइन चालू, कोणती बंद, हे सगळं त्यांच्या खोलीत. त्या खोलीतला जुना कॉम्प्युटर म्हणजे एक हट्टी म्हातारा होता. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि स्वभाव असा, की एखाद्या लाइनवरून सहा महिने एकही फोन गेला नाही की हा तिचं नाव आपणहून कापायच्या यादीत टाकणार. आता जगात अशा कितीतरी लाइनी असतात की ज्या गप्प असणं हीच चांगली गोष्ट. धरणाच्या भिंतीवरचा फोन रोज वाजू लागला तर गावाने पळायचं का? पण हे त्या म्हाताऱ्याला सांगणार कोण? ‘ही कापू नकोस’ असं सांगायची सोयच त्यात नव्हती. मात्र एक होतं. ज्या लाइनवर तक्रार उघडी आहे ती लाइन तो कापत नसे. दुरुस्ती आपल्याकडे बाकी असताना माणसाचा फोन कसा तोडणार, एवढी लाज त्याला होती. बाईंनी नेमकं तेच हेरलं. लाइन वाचवायची असली की तिच्यावर एक तक्रार टाकायची, ‘आवाज खरखरतो’, आणि ती कधीच बंद करायची नाही. ऑफिसात याला कुलूप लावणं म्हणत. आणि बाईंना, तोंडावर ताई, पाठीमागे कुलूपबाई. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

तर आता कंपनीने म्हाताऱ्याला घरी बसवायचं ठरवलं होतं. नवी सिस्टीम येणार, सगळ्या नोंदी तिच्यात जाणार. ते काम करायला मुख्य कचेरीतून चाळिशीतला एक साहेब आला होता. बोलणं मऊ, शर्ट कडक. त्याच्या प्रत्येक वाक्यात मायग्रेशन हा शब्द यायचाच, म्हणून दोन दिवसांत त्याचंच नाव मायग्रेशन पडलं. खुलासापत्र घेऊन बाई त्याच्याकडे गेल्या आणि कुलपाची युक्ती समजावून सांगितली. तो कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिला.

“म्हणजे मॅडम, तक्रार खोटी आहे?”

“तक्रार खोटी. कारण खरं.”

“मग कारण कुठे लिहिलंय?”

बाईंनी बोटाने स्वतःच्या डोक्याला टकटक केलं. “इथे.”

मायग्रेशनने थोडा वेळ त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “मॅडम, इथून मायग्रेशन करता येत नाही.”

नवी सिस्टीम फार सरळ होती म्हणे. तिच्यात तक्रार म्हणजे तक्रार. तीन महिन्यांपेक्षा जुनी तक्रार आली की ती आपोआप बंद करणार, आणि तक्रार बंद झाली की गप्प लाइन आपोआप कापणार. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता सगळा डेटा पलीकडे जाणार. त्याआधी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस लाइनी कशासाठी आहेत, हे लिहून द्यायचं, आणि प्रत्येक ठिकाणच्या माणसाकडून ‘हो, ही आमची लाइन’ असं कळवून घ्यायचं. ज्या राहतील त्या जातील.

“एवढंच ना?” बाई म्हणाल्या. “लिहा.”

आणि काय सांगू, बाईंनी ओळीने सुरू केलं. पहिली धरणाची. दुसरी रक्तपेढीच्या थंड खोलीची, तिथे थंडी कमी झाली की लाइन आपली आपण फोन करते. तिसरी बहिऱ्या मुलांच्या शाळेची, तिथे फोन आला की घंटीऐवजी दिवा लागतो. रेल्वे फाटकाची, तुरुंगाच्या मागच्या दाराची, हृदयाचं यंत्र बसवलेल्या निवृत्त हेडमास्तरांची. कागद नाही, वही नाही, सगळं तोंडपाठ. मायग्रेशनची बोटं कीबोर्डवर धावून दमली. चाळीस झाल्या. आणि एक्केचाळिसाव्याला बाई थांबल्या.

पडद्यावर नंबर होता. खाली त्यांच्याच नावाची आद्याक्षरं, सतरा वर्षांपूर्वीची तारीख. शेऱ्याचा रकाना फक्त दहा अक्षरांचा, त्यात बाईंनी एकच शब्द भरला होता. ‘सध्यापुरतं’.

“ही कुणाची?” मायग्रेशनने विचारलं.

बाईंनी तोंड उघडलं. पुन्हा नंबर वाचला. डोळे मिटून वाचला. कोरी पाटी. इतकी वर्षं ज्या फडताळातून हात घालून पाहिजे ती वस्तू काढली, तिथे आज हात घालावा आणि नुसती मोकळी फळी लागावी, असं झालं.

“येईल आठवण,” त्या म्हणाल्या. “जिभेवर आहे.”

जिभेवर कसली, कुठेच नव्हती.

पत्ता पाहावा म्हटलं तर पत्त्यात जुन्या रस्त्याचं नाव. त्या भागातल्या रस्त्यांची नावं दोनदा बदलली होती आणि घरांचे आकडे तीनदा. पुढे लिहिलेलं, ‘कारखान्यामागे, नवीन बांधकाम’. कारखाना कधीच पाडला होता आणि नवीन बांधकामं आता जुनी झाली होती. ग्राहकाच्या नावाच्या जागी स्वतःच्या ऑफिसचंच नाव. सतरा वर्षांत या लाइनवरून गेलेले फोन, शून्य. आलेले फोन, शून्य.

“लिहा काहीतरी मॅडम,” मायग्रेशन दयेने म्हणाला. “शून्य वापर आहे. कोण विचारतंय?”

“शून्य वापर तर धरणाचाही आहे,” बाई ताडकन म्हणाल्या. खोटी तक्रार टाकणं वेगळं आणि खोटं कारण सांगणं वेगळं. पहिल्यात बाईंचा हात कुणी धरला नसता. दुसरं त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

मग त्यांनी सरळ तो नंबर फिरवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? दोन घंट्या झाल्या आणि पलीकडे फोन उचलला गेला. पण कुणी बोललं नाही. नुसती एक घरघर. मग खट् असा आवाज, पावलं, आणि एक बाई कुणाला तरी म्हणाली, “पिशवी नीट धर गं, सांडेल.” मग घरघर. पुन्हा खट्. पावलं गेली. शांत.

बाईंनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं.

मंगळवारी दिवसभरात त्यांनी तो सहा वेळा लावला. दर वेळी दोन घंट्या, दर वेळी न बोलता उचललेला. एकदा कुणीतरी गुणगुणत होतं. एकदा नवराबायकोचं कडाक्याचं भांडण ऐकू आलं, ‘तुझ्या आईने’ इथपर्यंत पोचलेलं, आणि खट् झाल्याबरोबर दोघं एकदम गोड आवाजात तिसऱ्याच कुणाला “नमस्कार, नमस्कार” म्हणाले. एकदा कुणी नुसतंच नाक शिंकरलं. बाईंचं डोकं गरगरायला लागलं. असं कसलं हे घर, की जिथे माणसं येतात, अर्धा मिनिट थांबतात आणि निघून जातात? कुणी बसत नाही, कुणी जेवत नाही, आणि फोन उचलणारा काही बोलत नाही.

घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणजे निवृत्त गणित शिक्षक, खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवणारा. जगातल्या कुठल्याही अडचणीला उत्तर असतंच आणि ते पुस्तकाच्या शेवटी छापलेलं असतं, अशी त्यांची श्रद्धा.

“दवाखान्याची खोली असेल,” ते म्हणाले.

“अहो, दवाखान्यात माणूस अर्ध्या मिनिटात परत येतो का? तासभर बसवतात.”

“मग न्हाव्याचं दुकान.”

“न्हाव्याच्या दुकानात नवराबायको भांडतात?”

“मग तुला भास झाला असेल.” हे ते चेष्टेने म्हणाले, पण बाईंना ते लागलं. त्यांना आदल्या दिवसापासून नेमकं तेच भय होतं. बाईंच्या आईचं शेवटच्या वर्षांत असंच झालं होतं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग मुलांची. बाई तशाच उठल्या, घरच्या फोनवरून नंबर फिरवला आणि नवऱ्याच्या कानाला लावला. “ऐका तुम्हीच.”

नवऱ्याने ऐकलं. पेन्सिल खाली ठेवली. “अगं, हे तर कुणीतरी चॉकलेटचा कागद सोडतंय.”

“बोला ना मग! विचारा कोण आहे ते!”

“मी काय बोलू? तुझं ऑफिस, तू बोल.”

बाईंनी फोन हिसकावला आणि घसा खाकरून, ऑफिसच्या खणखणीत आवाजात विचारलं, “हॅलो, कोण आहे तिथे? तुम्ही कुठून बोलताय?”

पलीकडून अशी किंकाळी आली की नवऱ्यालाही खुर्चीत ऐकू गेली. मग धडाधड काहीतरी आपटल्याचा आवाज, खट्, आणि जोरात पळत गेलेली पावलं.

“आता काय केलंस?” नवरा म्हणाला. बाईंना स्वतःलाही तेच कळत नव्हतं.

बुधवारी त्यांनी पक्कडला बोलावलं. पक्कड म्हणजे त्यांच्या बरोबरीने कामाला लागलेला लाइनमन. कमरेला कायम पक्कड, म्हणून नाव पक्कड. त्याला कागदावरचं काही विचारू नका, पण जमिनीखालची तार कुठून जाते हे तो चपलेच्या तळव्याने ओळखायचा.

“ताई, तुम्हाला आठवत नाही?” त्याने तीनतीनदा विचारलं. “तुम्हाला?”

“नाही आठवत! किती वेळा सांगू? विसरले, झालं?” बाई खेकसल्या. अठ्ठावीस वर्षांत असं वाक्य त्याने त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

लाइन शोधायची रीत साधी. ऑफिसच्या टोकाकडून तारेत एक बारीक शिट्टी सोडायची आणि मग रस्त्यावरची एकेक पेटी उघडून, कानाला यंत्र लावून, शेकडो तारांतून ती शिट्टी पकडायची. बुधवारचा अख्खा दिवस त्यात गेला. एका पेटीत चिठ्ठ्या पुसलेल्या, दुसरीत मुंग्यांनी घर केलेलं. तिसरी तर एका दुकानदाराने आपल्या फळ्यांच्या मागे घेतलेली, त्याच्याशी अर्धा तास हुज्जत. बाई छत्री धरून उन्हात उभ्या, पक्कड जमिनीवर पालथा. संध्याकाळी शिट्टी नवव्या पेटीपाशी हरवली. गुरुवारी सकाळी तिथेच पुन्हा सुरुवात. मायग्रेशनचे दोन फोन येऊन गेले, “मॅडम, चाळीस झाल्या, एकच राहिली, सोडून द्या ना.” बाईंनाही क्षणभर वाटलं, की हे सगळं हात दाखवून अवलक्षण आहे. कुणी मागितलेली नाही, कुणी वापरत नाही, अशा एका लाइनमागे आपण का धावतोय? पण लगेच दुसरं मन म्हणे, लावलंस ना तू कुलूप? उगाच लावलं नसशील. पण कशासाठी लावलंस ते सांग. आणि तिथे गाडी अडायची.

दुपारी तीन वाजता शिट्टी सापडली. एका पाच मजली इमारतीच्या मागच्या भिंतीवरच्या डबीत ती बारीक वाजत होती. दोघं पुढच्या दाराने आत गेले. तळमजल्यावर लिफ्ट होती आणि लिफ्टच्या दारावर ताजा कागद चिकटवलेला होता. ‘सूचना. लिफ्टमध्ये आवाज येत आहे. कारण समजेपर्यंत सर्वांनी जिना वापरावा. आदेशावरून, चिटणीस.’

पक्कडने कागद वाचला. बाईंनी वाचला. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि बाईंनी कपाळावर हात मारला.

तेवढ्यात खुद्द चिटणीस जिन्यावरून धापा टाकत खाली आले. पोट मोठं, त्यात दोन दिवस पाच मजले चढउतार, त्यामुळे आधीच वैतागलेले. “टेलिफोनवाले? तुमचा इथे काय संबंध? आमच्या लिफ्टमध्ये एक बाई बोलते हो. पाचव्या मजल्यावरचे वकील इतके घाबरले की पायातली चप्पल आत सोडून पळाले. कालपासून ताप आलाय त्यांना. ‘तुम्ही कुठून बोलताय’ म्हणून विचारते म्हणे.”

“कुठून बोलताय नाही, कोण आहे तिथे, आधी असं विचारलं होतं,” बाई पुटपुटल्या.

“तुम्हाला काय माहीत?”

“मीच ती.”

चिटणीस एक पायरी मागे सरकले. पक्कड मात्र भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत हसत होता.

लिफ्टच्या आत, मजल्यांच्या बटणांखाली, बारीक भोकांची एक पत्र्याची चकती होती, बाहेरून फोन आला की आपोआप चालू होणारी, आणि तिच्याशेजारी घंटेचं चित्र काढलेलं पिवळं बटण. ते पाहिलं मात्र, आणि बाईंना सगळं लख्ख आठवलं. इमारत नवी होती. बांधणारा माणूस चुन्याने पांढऱ्या झालेल्या बुटांनी त्यांच्या खोलीत आला होता. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाचा फोन उचलायला कुणीतरी हवं, त्याशिवाय तपासनीस लिफ्ट चालू करू देईना, आणि वॉचमनची खोली व्हायला महिना होता. ‘बाई, महिनाभर काहीतरी करा.’ बाई म्हणाल्या, त्यात काय, सध्यापुरतं आमच्या तक्रार टेबलावर वाजू दे, तिथे दिवसरात्र माणूस असतो. लाइन ऑफिसच्याच नावावर टाकली आणि कुलूप लावलं. वॉचमनची खोली काही झाली नाही. महिन्याची सतरा वर्षं झाली, भिजत घोंगडं तसंच पडून राहिलं.

आनंद म्हणजे काय विचारू नका! बाईंना पक्कडचा हात धरून फुगडी घालावीशी वाटली. डोकं शाबूत होतं. कारण खरं होतं. चांगलं काम केलं होतं.

“ताई,” पक्कड हळूच म्हणाला. “पण तक्रार टेबल कुठाय आता?”

आणि बाईंचा हात जागच्या जागी थांबला. तक्रार टेबल अकरा वर्षांपूर्वी बंद झालं होतं. तक्रारी दुसऱ्या शहरातल्या कुठल्याशा मोठ्या हॉलमध्ये गेल्या. ऑफिसच्या तळमजल्यावरच्या त्या खोलीत आता मोडक्या खुर्च्या ठेवत आणि बाहेरून टाळं असे. फोन मात्र आत भिंतीला तसाच जोडलेला होता. आणि त्या टेबलाकडे गेलेले फोन कधी मोजत नसत, म्हणून पडद्यावर शून्य. शून्य म्हणजे कुणी बटण दाबलं नाही असं नव्हतं. कुणी मोजलं नाही, एवढंच.

“हे बटण कुणी कधी दाबलंय का?” बाईंनी चिटणीसांना विचारलं.

“चौथ्या मजल्यावरच्या टेलरीणबाई अडकल्या होत्या बघा. चार वर्षं झाली. आई होती बरोबर.”

बाई जिन्याने चौथ्या मजल्यावर गेल्या. टेलरीणबाईंच्या गळ्यात मापाची पट्टी होती आणि दारातूनच शिलाई मशीन दिसत होतं. कोण, कशासाठी, हे ऐकल्याबरोबर त्यांनी बाईंचे दोन्ही हात धरले. “तुम्ही का त्या? या, आत या. अहो, तुमचे उपकार आहेत. एक तास दहा मिनिटं आम्ही आत होतो. वीज गेली, अंधार, आईला दम लागलेला. पण मी बटण दाबलं आणि घंटी वाजायला लागली. वाजत होती, सारखी वाजत होती. तोच काय तो धीर. म्हटलं, वाजतेय म्हणजे कुणीतरी येतंय.”

बाईंना कळेना की या हातांचं काय करावं. सोडवून घ्यावेत की तसेच राहू द्यावेत.

खिडकीजवळच्या खुर्चीत एक म्हातारी बसली होती. कृश, पण पाठ ताठ. तिने मान न वळवता विचारलं, “मग उचलला का नाही?”

“आई!” टेलरीणबाई म्हणाल्या.

“विचारू दे. उचलला का नाही?”

बाईंना थाप मारता आली असती. यंत्र बिघडलं होतं, वीज गेली होती, किती कारणं. “तिथे कुणी नव्हतं,” त्या म्हणाल्या. “टेबल आधीच बंद झालेलं होतं. माझ्या लक्षात राहिलं नाही.”

“मग वाजत कशाला ठेवलात?” म्हातारी आता वळली. “नसता वाजला तर आम्ही ओरडलो असतो. शेजारी दार उघडं टाकून बसलेले होते, चार पावलांवर. ही ओरडणार होती. मीच म्हटलं, ओरडू नकोस, लोकांना त्रास होईल, फोन लागलाय. तास बसले मी त्या अंधारात, छाती धरून, कुणीतरी उचलेल म्हणून.”

मग टेलरीणबाईच हळू आवाजात म्हणाल्या, “तेव्हापासून आई खाली उतरली नाही. जिना झेपत नाही आणि लिफ्टमध्ये पाय टाकत नाही. चार वर्षं याच खिडकीत आहे.”

बाई परत कशा आल्या ते त्यांनाच ठाऊक नाही. वाटेत पक्कड काहीबाही बोलत होता, सापडली ना ताई, तुमचंच बरोबर निघालं. बाईंच्या डोक्यात नुसता गुंता. एक म्हणते उपकार झाले, दुसरी म्हणते वाट लावलीत, आणि दोघी एकाच अंधारात बसलेल्या. खरं कोण? सतरा वर्षं ती लाइन आपण जिवंत ठेवली, हे चांगलं केलं की वाईट? आयुष्यभर आपण तारा वाचवत आलो. पलीकडे माणूस आहे का, हे पाहायचं राहिलंच. घरी नवऱ्याला सांगून पाहिलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच उत्तर सांगितलं नाही. नुसता बाईंसमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

शुक्रवारी सकाळी बाई कामाला भिडल्या. बाकीच्या चाळीस ठिकाणांहून होकार आलेला होता, तरी त्यांनी पुन्हा एकेक फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला, “तुमच्याकडून फोन केला तर तो पलीकडे कोण उचलतं?” तीन ठिकाणी ‘माहीत नाही’ असं उत्तर आलं. ती तिन्ही त्यांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत मार्गी लावली. मग मायग्रेशनच्या समोर जाऊन बसल्या.

“एक्केचाळिसावी लिफ्टची. ही आपल्या ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर, नियंत्रण कक्षात वाजली पाहिजे. तिथे तिन्ही पाळ्यांना माणूस असतो.”

“तिथले प्रमुख तयार नाहीत मॅडम. म्हणतात, लिफ्टचे फोन घेणं आमचं काम नाही.”

“ते तयार आहेत,” बाई म्हणाल्या. “मी आताच अर्धा तास त्यांच्या टेबलापाशी बसून आले.”

मायग्रेशनने भरलं. “आणि कारण? इथे दोनशे अक्षरं मावतात.”

बाईंनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि लिहिलं, ‘लिफ्ट. आत माणसं असतात. तिसऱ्या घंटीच्या आत उचलणे.’ मायग्रेशनने वाचलं आणि का कोण जाणे, एक अक्षरही बदललं नाही.

“आता पलीकडच्या माणसाचा होकार हवा,” तो म्हणाला. “चिटणीसांचा चालेल.”

“चिटणीसांचा नको. तुम्ही वर जाऊन त्या फोनपाशी बसा. मी तिथून करवते.”

साडेचारला बाई चौथ्या मजल्यावर होत्या. म्हातारी ऐकायलाच तयार नव्हती. बाईंनी एकदाही ‘आता सगळं ठीक आहे’ म्हटलं नाही. “मी तुमच्याबरोबर आत येते,” एवढंच म्हणाल्या. “नाही उचलला तर दोघी मिळून ओरडू.” म्हातारीने पदर खोचला. मग चपला मागितल्या. त्या शोधायला टेलरीणबाईंना दहा मिनिटं लागली, कुठल्या कपाटाच्या तळाशी गेल्या होत्या कोण जाणे.

तिघी लिफ्टमध्ये शिरल्या. दार बंद झालं. म्हातारीने बाईंचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. दुसऱ्या हाताने तिने पिवळं बटण दाबलं. एक घंटी झाली. दुसरी झाली. टेलरीणबाईंनी डोळे मिटून घेतले.

“हॅलो, नियंत्रण कक्ष,” चकतीतून मायग्रेशनचा आवाज आला. “बोला.”

म्हातारीने बटणावरचं बोट उचललं.

“हॅलो? कुणी अडकलंय का आत? हॅलो?”

म्हातारी पुढे वाकली, चकतीच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि म्हणाली, “हो. चार वर्षं झाली.”

पलीकडे मायग्रेशन गोंधळून “काय? काय म्हणालात?” असं विचारत राहिला. म्हातारीने बाईंचं मनगट सोडलं आणि तळमजल्याचं बटण दाबलं.